चेव्हनिंगचा निबंध कसा लिहावा: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

चेव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती 1983 पासून सुरू आहे. यूकेमध्ये एका वर्षाचं मास्टर्स करण्यासाठी फी, दर महिन्याचा राहण्या-जेवणाचा भत्ता, विमानाचं तिकीट आणि व्हिसाचा खर्च ती देते. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे नाव पुण्या-मुंबईच्या ठरावीक कॉलेजांपुरतं होतं. आता तसं राहिलेलं नाही. बुलढाणा जिल्ह्यातले राजू केंद्रे 2021 मध्ये चेव्हनिंगवर लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकायला गेले. त्यांनी उभं केलेलं एकलव्य फाउंडेशन पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणाचे अर्ज कसे भरायचे हे शिकवतं. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांतूनही अर्ज जाऊ लागले आहेत, आणि ते आणखी जावेत असं मला मनापासून वाटतं.

अशा मुलामुलींचे ड्राफ्ट मी वाचते. त्यात एक गोष्ट सारखी दिसते. काम उत्तम असतं, पण निबंधात ते येत नाही. तिथे येतात ते सुविचार. शाळेत आपण निबंध शिकलो तो प्रस्तावना, विषयविस्तार आणि उपसंहार असा. सुरुवातीला एखादी ओवी किंवा थोरांचं वचन, शेवटी "म्हणूनच आपण सर्वांनी" असं आवाहन. त्या साच्यात लिहिलेला चेव्हनिंगचा निबंध पहिल्या चाळणीतच गळतो. इथे निवड करणाऱ्यांना तुमच्या हातून झालेलं, नेमकं आणि पडताळून पाहता येईल असं काम वाचायचं असतं. पुढचे सगळे टप्पे तेवढ्यासाठीच आहेत.

आधी पात्रता, मग कागद

लिहायला बसण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षीची पात्रता वाचा. वरवर नको, ओळ न् ओळ वाचा. पदवी पूर्ण झालेली असावी लागते. कामाचा अनुभव दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा मागतात. कुठलं काम धरतात आणि कुठलं नाही, हे नियमांत दिलेलं असतं. शिष्यवृत्ती संपल्यावर मायदेशी परतून किमान दोन वर्षं राहण्याची अट असते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेली हुशार मुलं घाईने अर्ज करतात आणि नापात्र ठरतात. त्यांनी ती दोन वर्षं आधी मन लावून काम करावं. निबंधाला लागणारा मजकूर त्या कामातूनच मिळणार असतो.

अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतो आणि ऑक्टोबरच्या आसपास बंद होतो. निबंधाचं काम जूनमध्ये सुरू करा. गणपतीच्या सुट्टीत बसून उरकू म्हणाल तर उरकल्यासारखाच निबंध होईल.

एक लक्षात घ्या, प्रत्येक शिष्यवृत्तीचा रोख वेगळा असतो. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अशा निबंधांची स्पर्धा नसते, पण तिथेही विद्यापीठाचा प्रवेश मिळवायला एसओपी, म्हणजे काय आणि का शिकायचं आहे हे सांगणारा निबंध, लिहावा लागतोच. फुलब्राइट-नेहरू, कॉमनवेल्थ, इनलॅक्स, इरॅस्मस मुंडस या सगळ्यांचे प्रश्न निराळे आहेत. एकीचा निबंध दुसरीला चिकटवला की वाचणाऱ्याला तो लगेच कळतो. हा लेख चेव्हनिंगवर आहे, कारण तिचे प्रश्न सर्वांत नेमके आहेत आणि त्यांची उत्तरं लिहिता आली की बाकीचं जमतं.

चार प्रश्न म्हणजे चार वेगळी कामं

चेव्हनिंगमध्ये एक सलग निबंध नसतो. चार प्रश्नांना चार छोटी उत्तरं द्यायची असतात. पहिला प्रश्न नेतृत्व आणि इतरांवर प्रभाव टाकण्याचा, दुसरा संबंध जोडण्याचा आणि टिकवण्याचा, तिसरा यूकेत काय शिकणार आणि का याचा, चौथा परतल्यावर काय करणार याचा. अनेक वर्षं प्रत्येक उत्तराला 500 शब्दांची मर्यादा होती. तुमच्या वर्षी किती आहे ते अर्जातच पाहा, कुणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका. प्रश्नांची भाषाही थोडीफार बदलते.

प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून घ्या आणि त्याचे तुकडे पाडा. "तुम्ही इतरांवर कसा प्रभाव टाकलात, उदाहरणासह सांगा" असा प्रश्न असेल तर त्यात तीन मागण्या आहेत. कुणावर टाकला, कसा टाकला आणि उदाहरण कुठलं? ड्राफ्ट तयार झाल्यावर प्रत्येक मागणीसमोर तुमच्या उत्तरातलं वाक्य लिहून पाहा. एखाद्या मागणीसमोर जागा रिकामी राहिली तर निबंध कितीही सुंदर असो, तो अपुरा आहे.

प्रसंगांची वही

आता इंग्रजी बाजूला ठेवा. एक वही घ्या आणि मराठीतून, जमेल तशा तुटक भाषेत, गेल्या काही वर्षांतले प्रसंग लिहून काढा. नोकरीतले, एनएसएसच्या शिबिरातले, वस्तीतले, बचत गटाच्या हिशेबाचे, वसतिगृहाच्या मेसच्या भांडणाचेसुद्धा. या वेळी छोटं-मोठं असा निवाडा करू नका. सोबत काम केलेल्या माणसांना फोन करून विचारा, "त्या वेळी मी नक्की काय केलं होतं?" आपण विसरलेले तपशील त्यांना आठवतात. जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, बैठकीचं इतिवृत्त, हजेरीपत्रक, पावत्या बाहेर काढा. तारखा आणि आकडे आठवणीतून लिहू नका, कागदावरून लिहा. मुलाखतीत त्याच आकड्यांवर प्रश्न येतात.

प्रत्येक प्रसंगाला हे प्रश्न विचारा. मी नसते तर यातलं काय झालं नसतं? माझ्या म्हणण्याला कुणाचा विरोध होता? तो का होता? त्या माणसाचं मन कशाने वळलं, की वळलंच नाही? आज तिथे काय चालू आहे?

यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. "मी नसते तरी झालं असतं" असं प्रामाणिक उत्तर आलं तर तो प्रसंग कितीही दिमाखदार असो, सोडून द्या. मुख्यमंत्र्यांच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं असेल, पण सूत्रसंचालक कुणीही मिळाला असता. उलट पाड्यावरच्या शाळेत आठवड्यातून एकदा येणारी शिक्षिका तुमच्या पाठपुराव्यामुळे रोज येऊ लागली असेल, तर तो निबंधाचा विषय आहे.

नेतृत्वाच्या उत्तरात एक प्रसंग घ्या, फार तर दोन. पाच प्रसंग कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला दोन वाक्यं येतात आणि निबंधाचा बायोडेटा होतो. बायोडेटातल्या गोष्टी अर्जात इतरत्र भरलेल्या असतातच.

एक परिच्छेद जवळून पाहू

समजा, वाशीम जिल्ह्यातली एक कृषी पदवीधर आहे. ती शेतकरी उत्पादक कंपनीत, म्हणजे शेतकरीच सभासद असलेल्या कंपनीत, काम करते. समजावण्यासाठी हा नमुना मी रचला आहे, पण असे ड्राफ्ट खरोखरच येतात. तिचा पहिला ड्राफ्ट असा:

"लहानपणापासूनच मला समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ होती. शेतकरी हा देशाचा कणा आहे, पण आज तो अनेक संकटांना तोंड देत आहे. शेतकरी उत्पादक कंपनीत काम करताना माझ्यातील नेतृत्वगुण विकसित झाले. आम्ही असंख्य शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलो, जनजागृती केली आणि त्यांच्या जीवनात सकारात्मक बदल घडवून आणला. नेतृत्व म्हणजे पद नसून जबाबदारी आहे, असे मी मानते."

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही या परिच्छेदाखाली महाराष्ट्रातल्या कुठल्याही संस्थेतल्या कुठल्याही कार्यकर्त्याची सही चालेल. शेतकरी किती होते? जागृती कशाची केली? बदल म्हणजे काय झालं? आणि "आम्ही" म्हणजे नेमकं कोण?

तिला वरचे प्रश्न विचारले, ती मोकळेपणी बोलू लागली आणि मग दुसरा ड्राफ्ट आला:

"ऑक्टोबरमध्ये आमचे सभासद सोयाबीन बाजार समितीत न्यायचे. व्यापारी मूठभर दाणे हातात घेऊन 'ओल आहे' म्हणायचे आणि क्विंटलमागे भाव पाडायचे. ओलावा किती हे शेतकऱ्याला माहीत नसायचं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. मी संचालकांसमोर मॉइश्चर मीटर विकत घ्यायचा प्रस्ताव ठेवला. तो फेटाळला गेला. सर्वांत ज्येष्ठ संचालक म्हणाले, व्यापारी आपलं यंत्र मानणार नाही. मी कृषी विज्ञान केंद्रातून दोन आठवड्यांसाठी एक मीटर मागून आणलं, 31 सभासदांच्या घरी जाऊन माल मोजला आणि ओलावा 12 टक्क्यांच्या वर असेल तर आणखी ऊन देऊन मगच बाजारात जायला सुचवलं. 22 जणांनी ऐकलं, 9 जणांना पैशांची निकड होती, ते थांबू शकले नाहीत. दोन्ही गटांना मिळालेले भाव मी एका वहीत शेजारी शेजारी लिहिले आणि पुढच्या बैठकीत ती वही त्याच ज्येष्ठ संचालकांच्या हातात दिली. कंपनीने दोन मीटर घेतले. पुढच्या हंगामात मोजणीचं काम गावातल्या दोन मुलांनी माझ्याशिवाय केलं."

या परिच्छेदात नेतृत्व हा शब्द कुठेच नाही, तरी वाचणारा तो मनात म्हणतो. विरोध करणारा माणूस खलनायक नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं आणि तिने त्याला पुराव्याने उत्तर दिलं. न ऐकलेले 9 जण तिने लपवले नाहीत. ते का थांबू शकले नाहीत हे सांगितलं, आणि त्या एका वाक्यातून तिला शेतकऱ्याची अडचण खरी कळते हे दिसतं. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के असते, म्हणजे तो आकडाही हवेतून आलेला नाही. आणि शेवटचं वाक्य पाहा. ती बाजूला झाल्यावरही काम चालू राहिलं. निवड करणाऱ्यांना प्रभाव म्हणजे काय ते याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

काम मोठं नाही. एक तालुका, दोन यंत्रं. हे मुद्दाम सांगते, कारण अनेकजण "माझं काम फार लहान आहे" म्हणून अर्जच करत नाहीत. लहान काम नीट मांडलं तर ते मोठ्या कामाच्या ढोबळ वर्णनापेक्षा जास्त पटतं.

"आम्ही"ची सवय

आपल्याकडे स्वतःबद्दल बोलणं वाईट समजतात. "मी केलं" म्हणायला जीभ रेटत नाही, मुलींची तर अजिबात नाही. त्यामुळे ड्राफ्टभर "आम्ही" पसरलेलं असतं. हा संस्कार चांगला आहे आणि घरी, गावात तो सांभाळावा, पण या अर्जात तो तुमचं नुकसान करतो. शिष्यवृत्ती संस्थेला मिळत नाही, एका माणसाला मिळते, आणि त्या माणसाने काय केलं हे वाचणाऱ्याला शोधावं लागू नये.

उपाय सोपा आहे. ड्राफ्टमधल्या प्रत्येक "आम्ही"ला गोल करा. तिथे खरोखर सगळ्यांनी मिळून केलं असेल तर राहू द्या. बाकी ठिकाणी "सरपंचांनी", "माझ्या सहकाऱ्याने", "मी" असं ज्याचं त्याच्या नावावर करा. दुसऱ्याचं श्रेय दुसऱ्याला दिलं की स्वतःचं घेताना संकोच वाटत नाही.

गरिबी आणि जात: किती लिहावं

हा भाग नाजूक आहे. त्यावर मला जरा थांबायचं आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या आई-वडिलांची मुलगी, पालावर वाढलेला मुलगा, घरातला पहिला पदवीधर, जातीमुळे भाड्याने खोली न मिळालेली विद्यार्थिनी. यांच्या आयुष्यात जे घडलं ते त्यांच्या कामाच्या मुळाशी असतं. ते लिहू नका, त्याने सहानुभूती मागितल्यासारखं वाटतं, असा सल्ला काही लोक देतात. मला तो पटत नाही. जे तुम्हाला घडवून गेलं ते झाकून लिहिलेला निबंध पोकळ वाटतो. पण उलट टोकही आहे. सगळा निबंध हालअपेष्टांचा आणि शेवटी "तरीही मी जिद्द सोडली नाही". असा निबंध वाचून डोळ्यांत पाणी येईल, पण तुम्ही काय करू शकता हे कळणार नाही.

माझा हिशेब असा. परिस्थितीला दोन-तीन वाक्यं द्या, आणि ती अगदी कोरडी, तपशिलाची असू द्या. "दरवर्षी दिवाळीनंतर आमचं कुटुंब सहा महिने कारखान्यावर जायचं, त्यामुळे सातवीपर्यंत मी दोन शाळांमध्ये शिकले." एवढं पुरतं. विशेषणं नकोत. लगेच पुढच्या वाक्यात त्या अनुभवातून तुम्ही काय केलं ते सांगा. कारखान्यावरच्या मुलांसाठी हंगामी वर्ग चालवला का? स्थलांतरित मुलांच्या दाखल्यांसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा केला का? मग ती परिस्थिती तुमच्या कामाचं कारण बनते. तिथे दया मागण्याचा प्रश्नच उरत नाही. जातीबद्दल लिहिताना परदेशी वाचकाला संदर्भ माहीत नसेल असं धरून एक वाक्य समजावून सांगा, आणि माफी मागितल्यासारखा सूर कुठेही लावू नका.

ओळखी की संबंध

दुसऱ्या प्रश्नात बहुतेकजण लिंक्डइनवरच्या कनेक्शनची संख्या किंवा भेटलेल्या मोठ्या माणसांची यादी देतात. ती उपयोगाची नाही. इथे एखादा संबंध कसा जोडला, दोघांना त्यातून काय मिळालं आणि तो आज कसा टिकून आहे हे हवं असतं. आपल्या नमुन्यातल्या मुलीला कृषी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी मीटर दिलं. नंतर त्यांना नव्या वाणाच्या चाचणीसाठी शेतं हवी होती, ती तिने सभासदांकडून मिळवून दिली. आता दर हंगामाच्या आधी ते तिला फोन करतात. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी झालं, हेच दाखवायचं आहे. यूकेत भेटणाऱ्या इतर देशांच्या स्कॉलर्सशी असे संबंध कशासाठी जोडाल, तेही शेवटी दोन ओळींत लिहा.

कुठे शिकणार आणि का

तिसऱ्या उत्तरात विद्यापीठाची स्तुती करण्यात शब्द घालवू नका. "जगप्रसिद्ध विद्यापीठ", "समृद्ध वारसा", "वैविध्यपूर्ण वातावरण" हे विद्यापीठाला स्वतःबद्दल माहीत आहे, आणि चेव्हनिंगला त्याहून जास्त.

त्याऐवजी अभ्यासक्रमाच्या पानावर जा, मॉड्यूल्सची यादी उघडा, आणि तुमच्या कामात जिथे तुमचं ज्ञान कमी पडलं ती जागा त्यातल्या एखाद्या मॉड्यूलशी जोडा. आपल्या मुलीसाठी ग्रिनिच विद्यापीठाची नॅचरल रिसोर्सेस इन्स्टिट्यूट पाहण्याजोगी आहे, कारण काढणीनंतर होणाऱ्या धान्याच्या नुकसानीवर तिथे बरंच काम झालं आहे. रेडिंग विद्यापीठाला शेतीच्या अभ्यासाची परंपरा आहे. ग्रामीण विकासाच्या धोरणाकडे ओढा असेल तर ससेक्सची इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज आहे. तिने असं लिहावं: "ओलावा मोजता आला, पण माल साठवून ठेवायची सोय नसल्याने 9 शेतकरी थांबू शकले नाहीत. साठवणूक आणि तिला जोडलेला वित्तपुरवठा हे मला शिकायचं आहे, आणि ते या अभ्यासक्रमातल्या अमुक विषयात शिकवतात." पहिल्या उत्तरातले ते 9 जण इथे पुन्हा आले. चारही उत्तरं अशी एकमेकांशी बोलू लागली की अर्जाला जीव येतो.

एकापेक्षा जास्त अभ्यासक्रम निवडायचे असतील तर ते एकाच दिशेचे असावेत. एक शेतीचा, एक पत्रकारितेचा आणि एक एमबीए अशी निवड पाहून वाचणाऱ्याला वाटतं, यांचं अजून ठरलेलं नाही.

अनेक मुलं लिहितात, "बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले, म्हणून मला तिथे शिकायचं आहे." ही भावना खरी आहे, मला ती कळते, आणि ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण ती तेवढ्यावर थांबली तर निबंधाला उपयोग होत नाही. बाबासाहेब तिथे रुपयाचा प्रश्न घेऊन गेले होते. 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली ती रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी. त्यांच्या वाटेने जायचं तर तुमचाही एक प्रश्न सोबत असावा. तो प्रश्न लिहा, मग बाबासाहेबांचा उल्लेख शोभेल.

परतल्यावर काय

चौथं उत्तर सर्वांत घाईने लिहिलं जातं आणि सर्वांत ढोबळ असतं. "भारतात परत येऊन समाजाची सेवा करेन." कुठे? कुठल्या पदावर? पहिल्या वर्षी काय?

शिष्यवृत्तीबरोबर परतीची अट येणं आपल्याकडे नवं नाही. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं तेव्हा परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार करून घेतला होता. पैसे देणाऱ्याला परतावा कुठे दिसणार हे हवं असतं, आणि त्यात गैर काहीच नाही.

म्हणून योजना दोन टप्प्यांत मांडा. परतल्यावर लगेच काय, आणि दहा वर्षांनी कुठे. आपली मुलगी असं लिहू शकते: परत येऊन त्याच कंपनीत किंवा कंपन्यांच्या महासंघात साठवणुकीचं काम पाहणार, पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत (माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज देणारी योजना) छोट्या शेतकऱ्यांचा सहभाग का कमी पडतो ते शोधून दोन तालुक्यांत त्यावर उपाय करून पाहणार, आणि पुढे तो अनुभव घेऊन राज्याच्या 'स्मार्ट' या कृषी व्यवसायाच्या प्रकल्पासारख्या ठिकाणी धोरण ठरवणाऱ्या जागी काम करणार. खरी योजना, खरी कार्यालयं, एक पायरी दुसरीला जोडलेली.

"यूपीएससी देईन" किंवा "एमपीएससी करून अधिकारी होईन" असं लिहू नका असा माझा आग्रह आहे. स्पर्धा परीक्षेबद्दल मला आदर आहे, पण तिचा निकाल तुमच्या हातात नसतो. निकालावर टांगलेली योजना वाचणाऱ्याला योजना वाटत नाही.

लिहिणं आणि कापणं

निबंध इंग्रजीत द्यायचा असतो आणि तिथेच बरेचजण अडखळतात. माझा अनुभव असा की आधी मराठीत बोलून घ्यावं. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि मित्राला सांगावं तसा प्रसंग सांगा. मग तो ऐकत साध्या इंग्रजीत उतरवा. छोटी वाक्यं, रोजचे शब्द. "पॅशनेट", "एस्टीम्ड", "होलिस्टिक" असे शब्द आले की समजा, तिथे सांगण्यासारखं काही नव्हतं. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजीचा न्यूनगंड बाळगू नये. चुका दुरुस्त करायला माणूस मिळतो, प्रसंग मात्र तुमचेच असावे लागतात.

पहिला ड्राफ्ट मर्यादेच्या दीडपट होऊ द्या, मग कापा. सगळ्यांत आधी पहिला परिच्छेद काढून पाहा. बहुतेक वेळा खरा निबंध दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू झालेला असतो. मग अवतरणं काढा, गांधीजींचं असो की अब्दुल कलामांचं. मग शेवटचा समारोप. राहिलेलं मोठ्याने वाचा. जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडा.

तयार ड्राफ्ट दोन प्रकारच्या माणसांना दाखवा. एक, तुमचं काम जवळून पाहिलेला, जो "हे असं झालं नव्हतं" म्हणू शकेल. दुसरा, ज्याला तुमच्या क्षेत्रातलं काहीच कळत नाही. त्याला वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून विचारा, "मी काय केलं, सांग." त्याने सांगितलं तर निबंध झाला. दहा जणांना दाखवू नका. दहा जणांच्या सूचनांनी तुमचा आवाज पुसला जातो.

पैसे घेऊन निबंध लिहून देणारे लोक आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. एआयकडून सगळा निबंध लिहून घेणंही तसंच. तिथून गुळगुळीत, कुणाचाही वाटणारा मजकूर येतो, म्हणजे वरचा तो पहिला ड्राफ्टच, फक्त सफाईदार इंग्रजीत. दुसऱ्याचा मजकूर उचललेला आढळला तर अर्ज बाद होऊ शकतो. निवड झालेल्यांचे निबंध वाचा जरूर, पण रचना समजून घेण्यापुरते. लिहिताना ते समोर उघडे ठेवू नका.

पाठवताना आणि पाठवल्यावर

अंतिम मुदत यूकेच्या वेळेनुसार असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथे उन्हाळी वेळ चालते आणि भारत साडेचार तास पुढे असतो. त्यानंतर हा फरक साडेपाच तासांचा होतो. म्हणजे तिथले दुपारचे 12 कधी आपले दुपारचे साडेचार, तर कधी संध्याकाळचे साडेपाच. मुदतीच्या दिवशी संकेतस्थळ मंदावतं, गावात वीज जाते. चार दिवस आधी पाठवून मोकळे व्हा. अर्जाच्या चौकटीत मजकूर चिकटवल्यावर शब्दसंख्या पुन्हा तपासा. वर्डमधली आणि तिथली मोजणी कधी कधी जुळत नाही.

पाठवलेल्या चारही उत्तरांची प्रत जपून ठेवा. मुलाखतीला बोलावणं आलं तर प्रश्न याच उत्तरांतून निघतात. "ते 9 शेतकरी आज काय करतात?" असा प्रश्न येऊ शकतो, म्हणून मुलाखतीआधी त्यांना एकदा फोन करून घ्या. ज्यांची नावं रेफरन्ससाठी, म्हणजे शिफारसपत्रासाठी, देणार आहात त्यांनाही तुम्ही कुठला प्रसंग लिहिला आहे ते कळवा आणि उत्तराची प्रत पाठवा. तुम्ही सोयाबीनबद्दल लिहिलं आणि साहेबांनी पत्रात फक्त "मेहनती व सुस्वभावी" एवढंच लिहिलं, तर ते पत्र वाया जातं. त्यांनी तोच प्रसंग त्यांच्या बाजूने, त्यांनी पाहिला तसा चार ओळींत लिहावा, अशी विनंती वेळ असतानाच करा.